जुना सोलर ठेवून हीट पंप लावला, पावसाळा आणि थंडी काढल्यावरचा अनुभव

पुण्यात सहकारनगरात जुनं दोन मजली घर, गच्चीवर २०० लिटरचा ट्यूबवाला सोलर, पाणी निम्मं कॉर्पोरेशनचं निम्मं बोअरचं. ज्यांच्याकडे असंच काहीसं आहे त्यांच्यासाठी लिहितेय. पावसाळ्यात सोलरचा भरवसा नसतो, मग प्रत्येक बाथरूमचा गीझर चालू आणि बिल वरच्या स्लॅबमध्ये. गेल्या जूनमध्ये २०० लिटरचा हीट पंप (हवेतल्या उष्णतेने पाणी तापवणारं विजेचं मशीन) बसवला आणि खरंच खूप समाधानी आहे.

सोलर काढला नाही. त्याचं पाणी आधी हीट पंपाच्या टाकीत येतं, कडक ऊन असेल तर पंपाला कामच उरत नाही, शिवाय सोलर चालू ठेवला की मिळकतकरातली सवलतही जात नाही.

पण सगळ्यात जास्त फरक कशाने पडला असेल तर पाइपलाइनने, आणि हे कोणी आधी सांगत नाही म्हणून ठासून सांगते. जुनी जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) लाइन कापली तेव्हा तुकडा हातात घेतला, आत क्षाराचा पांढरा थर इतका की करंगळी कशीबशी जात होती. नवीन मशीन त्याच पाइपाला जोडलं असतं तर काय उपयोग! प्लंबरकाका म्हणाले सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणारा प्लास्टिकचा पाइप) पाऊण इंचीच टाका, कारण एक इंचीत वीस मीटरला दहाएक लिटर पाणी अडकून राहतं, पाऊण इंचीत त्याच्या निम्मं, आणि खाली गरम येईपर्यंत तेवढं गार पाणी रोज सोडून द्यावं लागतं. एका एजन्सीवाल्याने कोटेशनमध्ये इन्सुलेशन धरलंच नव्हतं, पुण्यात कुठे एवढी थंडी म्हणे. अहो जानेवारीत पहाटे १०-१२ डिग्री असतं! आम्ही फोम घालून घेतलं आणि गच्चीवर त्यावर अ‍ॅल्युमिनियमची टेप, नाहीतर उन्हाने फोमचा भुगा होतो.

विजेचं म्हणाल तर २०० लिटर पाणी २० वरून ५५ डिग्रीला न्यायला गीझरला ८ युनिट लागतात, हीट पंप अडीच-तीनमध्ये करतो, कारण बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात टाकतो, फ्रिजच्या उलट. म्हणून टायमर दुपारचा लावलाय, तेव्हा हवा गरम असते.

कमी पडतो कुठे, तर पाणी संपलं की परत तापायला तीन-चार तास. दिवाळीत अभ्यंगस्नानाला नणंदेकडचे सगळे आले होते, पहाटे चौघांनंतर पाणी कोमट, मग एक जुना गीझर चालू केला. तो एक गीझर काढू नकाच. फॅनचा आवाज रात्री जाणवतो त्यामुळे बेडरूमच्या भिंतीला युनिट नको. आणि बोअरचं पाणी असेल तर टाकीतला अ‍ॅनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः झिजणारी धातूची कांडी) वर्षाला उघडून बघायचाच, तो झिजून संपला की मग टाकी गंजायला लागते, सर्व्हिसवाला आपणहून काढत नाही, समोर उभं राहून काढायला लावा.