'रेडी टू सेट' फासे: एका हिवाळ्याच्या वापरानंतर

कायोटी, म्हणजे इथलं कोल्ह्यासारखं जनावर, धरायला मी तारेचे तयार फासे घेतले. पाकिटावर 'रेडी टू सेट', म्हणजे लावायला तयार, असे तीन शब्द छापलेले आहेत. माझा राग त्या तीन शब्दांवर आहे, म्हणून आधी त्याबद्दल लिहितो. बाकीचं मग.

डिसेंबरचा दुसरा आठवडा, तापमान उणे 24. उजाडायच्या आत बॅटरी घेऊन कुंपणाच्या कडेने फेरीला निघालो. पहिले तीन फासे जागच्या जागी होते. चौथ्यात कायोटी होती आणि जिवंत होती. फास मानेत बसलेला नव्हता. पुढचा एक पाय आत गेल्यामुळे तार छातीवरून मागे सरकून बरगड्यांच्या खाली आवळली होती. तार पोचेल तेवढ्या गोलात बर्फ खरवडून काळी माती वर आलेली. मला पाहून तिची धडपड थांबली. परवान्याची .22 बंदूक बरोबर होती, एका गोळीत तिची सुटका केली. मग उरलेले सगळे फासे काढून घरी आणले आणि तीन दिवस एकही लावला नाही.

मी मूळचा संगमेश्वर तालुक्यातला. आमच्याकडे याला फासकी म्हणतात. मोटारसायकलच्या क्लचची तार घ्यायची, रानडुकराच्या वाटेवर झुडपाला बांधायची, झालं. लावणारा दोन-दोन दिवस तिकडे फिरकत नाही. डुकरासाठी लावलेली फासकी बिबट्याच्या कमरेत बसते. सहावीत असताना आमच्या काजूच्या बागेखालच्या पऱ्याजवळ, म्हणजे ओढ्याजवळ, मी असा बिबट्या पाहिला आहे. वनखात्याची माणसं पोचली तोवर तो संपला होता. त्याने दातांनी सोलून काढलेलं ते करवंदाचं जाळं मला अजून दिसतं. इथे कॅनडात, अल्बर्टात ट्रॅपिंगचा, म्हणजे सापळे लावण्याचा कोर्स केला, तेव्हाच मनाशी ठरवलं होतं की आपल्या हातून फासकी होऊ द्यायची नाही. पहिल्याच महिन्यात ती झाली.

या उद्योगात कसा पडलो ते थोडक्यात सांगतो. एडमंटनच्या पूर्वेला आमची वीस एकर जागा आहे, शेळ्या आहेत. दोन वर्षांत सात करडं कायोटींनी नेली. कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्यापेक्षा मोठी आणि लांडग्यापेक्षा लहान, भलती हुशार जात. मारायचीच वेळ आली तर कातडं वाया जाऊ नये, म्हणून कोर्स, परवाना आणि हिवाळ्यात केस भरलेले असतानाच धरणं, अशा रीतसर मार्गाने गेलो.

ऑनलाइन दुकानातून दोन डझन फासे मागवले. डझनाला 38 डॉलर. तार 7 बाय 7 ची (सात तारांचे सात पदर), 5/64 इंची, लांबी पाच फूट, वॉशर लॉक (आवळलेला फास सैल होऊ न देणारी चकती), शेवटाला स्विव्हल (तार पिळू नये म्हणून फिरणारी कडी) आणि 285 पौंडांच्या ओढीला उघडून जनावर सोडणारा एस-हूक. कोर्स केलेल्यांना एवढ्यावरून चित्र कळलं असेल. तार नवीन असताना चकचकीत असते आणि तिला यंत्राच्या तेलाचा वास असतो, म्हणून जुन्या डब्यात खायचा सोडा घालून अर्धा तास उकळली, की राखाडी पडते. डबा घरातला घेऊ नका. कुंपणाखालून कायोटी जिथे सरपटते तिथे काटेरी तारेवर तिचे केस सापडतात, तिथे फासा लावायचा. फास 10 इंचांचा, जमिनीपासून 10 इंच वर. बर्फ पडलं की जमीनच वर येते, तेव्हा उंची पुन्हा मोजायची. हे सगळं मी केलं होतं.

आता दोष. तारेला वळण नव्हतं.

इंग्रजीत याला 'लोड' म्हणतात. चांगल्या फाशाची तार मिटायला टपलेली असते. जनावराचा गळा फासाला टेकला की फास आपण होऊन निम्म्याच्या वर मिटतो, उरलेलं काम लॉक करतं. माझ्या फाशांची तार रिळावरून काढून कापली तशीच होती. घरी आणलेले फासे ओट्यावर धरून मी एकेकाला बोटाने ढकलून पाहिलं. फास बोटाबरोबर पुढे सरकायचा, पण मिटायचा नाही. वीतभर ढकलल्यावर कुठे लॉक हलायला लागायचं. दुडक्या चालीने येणारी कायोटी वीतभर पुढे जाते म्हणजे तिचा पाय आत जातोच. सात फासे असे तपासले, सातही तसेच. लॉकच्या भोकाला कुठे खरखर असेल म्हणून भिंगातून पाहिलं, तर भोकं गुळगुळीत.

हा काही बारीकसारीक दोष नाही. युरोपीय संघ, कॅनडा आणि रशिया यांनी 1997 मध्ये सापळ्यांच्या क्रूरतेबद्दल करार केला. त्यात जीवघेण्या सापळ्याच्या चाचणीसाठी अट आहे की निदान 12 जनावरांवर चाचणी व्हावी आणि त्यांतली 80 टक्के ठरलेल्या वेळात बेशुद्ध व्हावीत. कायोटीसाठी ती वेळ 300 सेकंद आहे. कॅनडातल्या सापळ्यांच्या अशा चाचण्या आमच्याच बाजूला, वेग्रेव्हिल गावात होतात. कोर्समध्ये हा आकडा पाठ करून मी परीक्षा दिली होती. पाच मिनिटं! माझी कायोटी बहुधा संध्याकाळपासून तिथे होती.

दुकानाला ईमेल केला. उत्तर आलं, वापरलेला माल परत घेत नाही. मी लिहिलं, एक डझन अजून सीलबंद आहे, तेवढे तरी घ्या. त्यावर उत्तर आलं की माल सदोष नाही, लोड देणं ही ग्राहकाची जबाबदारी आहे. मग पाकिटावर 'रेडी टू सेट' कशाला, असं दोनदा विचारलं. उत्तर आलं नाही. मला पैशांचं दुःख आहेच, 76 डॉलर काही झाडाला लागत नाहीत. पण नवशिक्या माणसाने पाकिटावरच्या शब्दावर भरवसा ठेवला आणि त्याची किंमत जनावराने मोजली, हे मला सोडवत नाही. पाच ताऱ्यांपैकी एक देणार होतो.

एवढं मी जानेवारीच्या सुरुवातीला लिहून ठेवलं होतं. पुढचं मार्चमध्ये लिहितोय, आणि मत थोडं बदललं आहे.

शेजारचे शेतकरी चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, त्यांचे आजोबा युक्रेनहून इथे आले. फासे बघायला म्हणून त्यांना गोठ्यात बोलावलं. त्यांनी पाकिटावरचं काही वाचलं नाही. एक फासा घेतला, फास 10 इंचांचा केला, लॉकलगतची चारेक बोटं तार स्क्रूड्रायव्हरच्या दांड्यावर अंगठ्याने दाबून धरली आणि ताण देत ओढली. भेटवस्तूची रिबन कात्रीच्या पात्यावरून ओढली की कशी गुंडाळते, तसं. दोनदा ओढली, तिसऱ्यांदा नाही. जास्त ओढली तर फास वाऱ्यानेही मिटतो. मग फास माझ्यासमोर धरून म्हणाले, बोट लाव. मी नुसतं टेकवलं. किर्र असा बारीक आवाज झाला आणि फास माझ्या मनगटावर येऊन बसला. मला हात काढायला सुचलंच नाही, त्यांनीच लॉक सोडवलं. म्हणाले, कारखाना तार विकतो, फासा आपणच करायचा असतो.

एका फाशाला मिनिटभर लागतं. सतरा फासे त्याच संध्याकाळी करून टाकले.

त्यानंतर फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पाच कायोटी मिळाल्या. पाचही मानेत. पाचांपैकी चार ठिकाणी बर्फ हातभर गोलाच्या बाहेर विस्कटलेलंही नव्हतं, जनावर जणू तिथेच आडवं झालं होतं. पाचव्या ठिकाणी थोडं जास्त होतं, आणि तिथे आदल्या रात्रीच्या बर्फाने माझी उंची चुकली होती. ती चूक फाशाची नव्हे, माझी. एकीला खरूज होती, कातडं गेलं. चार चांगली निघाली. फेब्रुवारीनंतर मी थांबलो, कारण तेव्हा अंग घासून त्यांच्या खांद्यावरचे केस विरळ होतात आणि कातड्याला अर्थ राहत नाही.

आता त्या एस-हुकाबद्दल. पाकीट घेताना याकडे माझं लक्षही नव्हतं. जानेवारीच्या शेवटी एका सकाळी फासा रिकामा, हूक उघडून सरळ झालेला आणि बर्फात हरणाच्या खुरांची झेप. पांढऱ्या शेपटीचं हरीण होतं, पायात किंवा मानेत फास घेऊन त्याने हिसका दिला आणि हुकाने त्याला सोडून दिलं. ठसे पुढे दोनशे पावलं नीट, सरळ गेलेले. मी ते शेवटपर्यंत चालत जाऊन पाहिले, कुठे रक्त नाही, कुठे पाय ओढल्याची रेघ नाही. काही सेंटांचा वळवलेला तारेचा तुकडा आहे तो. आमच्या पऱ्यावरच्या क्लचच्या तारेला असा तुकडा असता तर, एवढंच त्या दिवशी मनात येत राहिलं. तेव्हापासून कुंपणाखालच्या प्रत्येक फाशावर आडवा बांबूही बांधतो, म्हणजे हरीण खालून घुसण्याऐवजी वरून उडी मारतं.

म्हणून आता तीन तारे. हूक आणि स्विव्हल उत्तम, लॉक चांगलं, तार चांगली, छपाई खोटी.

खर्चाचं म्हणाल तर तयार फासे घेऊ नका. जनावर लागलं की तार पिळवटते, ती पुन्हा वापरता येत नाही, म्हणजे प्रत्येक कायोटीमागे तीन डॉलर गेले. 250 फुटांचा तारेचा रोल घेतला, त्यात पन्नास फासे होतात. तारेचं टोक पकडणारी अल्युमिनियमची नळी, म्हणजे फेरूल, हातोडीने ठोकून बसते. जुन्या फाशांची लॉक आणि स्विव्हल काढून घेतली. एक फासा सव्वा डॉलरच्या आत पडतो, आणि वळण मी माझ्या हाताने लावलेलं असतं. एस-हूक मात्र विकतचाच, ठरलेल्या पौंडांचा घ्या. त्यात काटकसर करू नका.

कातड्यांचा भाव विचारून या कामात पडणार असाल तर थांबा. जॅकेटच्या टोपीच्या कडेला कायोटीचे केस लावायची पद्धत होती तोवर मागणी होती. कॅनडा गूज या जॅकेटच्या कंपनीने 2021 मध्ये फर बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याआधी 2019 मध्ये टोरांटोचं मोठं लिलावघर आर्थिक अडचणीत सापडलं. आता मुख्य आधार ओंटारिओतल्या नॉर्थ बेच्या लिलावाचा. माझी चार कातडी तिकडे गेली आहेत. डिझेलचा खर्च निघेल असं वाटत नाही. पण या वर्षी करडं सगळी आहेत.

आणि फेरी रोज. उणे तीस असो, ऑफिसला उशीर होवो. जमणार नसेल त्या दिवशी फासे मिटवून ठेवा.

मागच्या आठवड्यात गावाहून चुलतभावाचा फोन आला. बायकोने घरच्या ग्रुपवर फोटो टाकले होते. म्हणाला, "दादा, ती तार दोन रोल पाठव ना. क्लचची तार डुक्कर तोडतो." मी नाही म्हणालो. 1972 च्या वन्यजीव कायद्यात फासकी म्हणजे शिकारच, हे त्याला माहीत आहे. नुकसानभरपाईचा अर्ज कर म्हटलं, तर म्हणाला, "पंचनाम्याला माणूस येईपर्यंत भात उरत नाय." ते खरं आहे. त्याचं शेत मी पाहिलं आहे, एका रात्रीत नांगरल्यासारखं होतं. तरी तार पाठवणार नाही. सौरकुंपणाचा खर्च काढायला सांगितलं आहे, अर्धा मी देईन. मे महिन्यात गावी जातोय, तेव्हा बागेखाली पऱ्यापर्यंत दोघं मिळून मोजून घेऊ.