हाफ-लाइफ: जुन्या पीसीवाल्यांनी आधी हाच खेळा

नवीन गेम आपल्या मशीनवर चालत नाही, शंभर जीबी डाउनलोड करायला गावात नेट टिकत नाही, मंग खेळावं काय असं जे विचारून रायले त्यांच्यासाठी लिहून रायलो. हाफ-लाइफ नावाचा बंदुका चालवायचा पीसी गेम घ्या बावा. पहिला भाग १९९८ चा, वाल्व कंपनीचा पहिलाच गेम, तवा १३३ मेगाहर्ट्झचं पेंटियम आन २४ एमबी रॅम असली तरी चालायचा, म्हणजे आज तुमच्या घरी जे काही डबडं असंल त्याच्यावर तो पळतेच. चेहरे चौकोनी दिसतीन, पहिल्यांदा पाहून हसाल, हसून घ्या.

स्टोरी फार नाही. गॉर्डन फ्रीमन नावाचा फिजिक्सवाला ब्लॅक मेसाच्या लॅबमध्ये कामाला, एक प्रयोग बिघडते आन दुसऱ्या जगातले प्राणी इकडं घुसतात, वरून मिलिटरी येते ती पण यालेच मारायला. पण सांगायची पद्धत भारी आहे, मधात गेम थांबवून पिक्चर दाखवत नाही, सगळं तुमच्या डोळ्यासमोरच घडते आन गॉर्डन स्वतः एक शब्द बोलत नाही. सुरुवातीला तं नुसतं ट्राममध्ये बसून लॅब पाहत जायचं, बंदूक नाही काही नाही. माह्या चुलतभावाले वाटलं गेमच अटकला, एस्केप दाबत बसला होता येडा.

माह्या मते अख्ख्या सिरीजमधली एक नंबर जागा म्हणजे ब्लास्ट पिट. खोल विहिरीसारख्या खड्ड्यातून तीन मोठ्ठ्या सोंडा वर आलेल्या, त्यांना दिसत नाही पण ऐकू येते. पळाले की चोच आदळलीच समजा. मंग एका कोपऱ्यात ग्रेनेड फेकायचा, सोंडा आवाजाकडं वळल्या की दुसऱ्या बाजूनं वाकून हळूच सरकायचं, आन गोळ्या घालून त्या मरतच नाहीत, खाली जाऊन इंधन, ऑक्सिजन, वीज सगळं चालू करून वरच्या रॉकेट इंजिननं जाळावं लागते. हेडफोन लावूनच खेळा. शेवटचा झेनवाला भाग, म्हणजे ते प्राणी येतात ते दुसरं जग, मात्र बोर आहे, हवेतल्या दगडावरून उड्या मारा, पडा, परत मारा. फॅन लोकांनी ब्लॅक मेसा नावानं हा गेम नव्यानं बनवला, २०२० मध्ये पूर्ण झाला, त्यात झेन चांगला केला पण त्याले मशीन दमदार लागते.

आपल्याकडं लाईन कवा जाईल नेम नाही तं एफ सिक्स दाबायची सवय लावून घ्या, त्यानं जिथल्या तिथं सेव्ह होते. रात्रीच्या थ्री फेजची वाट पाहत मोटर चालू करायले जागे रायता ना, तेवढ्यात एखादा चॅप्टर आरामात होते.

दुसरा भाग २००४ चा, खरा जीव त्यातच आहे. स्टेशनवर उतरल्या उतरल्या एक शिपाई मुद्दाम डबा खाली पाडते आन तुम्हाले उचलायले लावते, गुपचूप कचऱ्यात टाकला तं जाऊ देते, त्याच्या तोंडावर फेकून मारला तं दांडा घेऊन मांगं लागते. तिथंच समजते का या शहरात माणसाची काय किंमत आहे. पुढं ग्रॅव्हिटी गन भेटते, म्हणजे वस्तू ओढून फेकायची बंदूक, रेव्हनहोम नावाच्या गावात गोळ्या वाचवून करवतीची पाती उचलून झोंबीवर फेका, मजा येते. होडीवालं प्रकरण लांबवलं आहे जरा.

दुसऱ्या भागाची गोष्ट पुढं नेणारे दोन छोटे गेम आहेत, त्याले एपिसोड म्हणतात. एपिसोड दोन २००७ ले आला आन एकदम अश्या जागी संपते का माणूस स्क्रीनकडं पाहतच रायते, अन् त्याच्या पुढचं अजून आलंच नाही. हे माहीत असूनच हात घाला. दुसऱ्या भागासोबतच आता दोन्ही एपिसोड येतात, वेगळे घेऊ नका, अन् सेल लागला का मंगच घ्या, लय स्वस्तात भेटते. याच सिरीजमधला २०२० चा ॲलिक्स गेम मात्र व्हीआरवाला आहे, ते डोक्यावर लावायचं यंत्र घेतल्याशिवाय चालत नाही, तेवढ्या पैशात आपला चांगला पीसी होते, सोडून द्या.