तीन नंबर, एकच गिरण

माझा कांदा-लसूण चटणीचा घरगुती धंदा आहे. मी आणि माझी जाऊ, दोघीच राबतो. मार्च ते मे हा आमचा सीझन. कोल्हापुरात या दिवसांत घरोघरी वर्षाची चटणी होते, आणि ज्यांना मिरच्या निवडून डंकावर कुटून आणायला जमत नाही ती माणसं आमच्यासारख्यांकडून नेतात. गेल्या वर्षी पाव-पाव किलोची पाकिटं भरून जाऊबाईंच्या हातांची इतकी आग व्हायची की रात्री खोबरेल तेल चोळून बसायच्या. म्हणून यंदा पाकिटं भरून सील करणारं मशीन घ्यायचं ठरवलं.

दोन ठिकाणांहून दर मागवला. उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींनी वहीच्या पानावर रक्कम लिहून दिली, खाली स्वतःचं नाव, मोबाईल नंबर, बस्स. दुसरं कोटेशन चार पानी, रंगीत. नावापुढं ‘इंडस्ट्रीज’, हेड ऑफिस राजारामपुरी, पुण्यात आणि बेंगळुरूत शाखा. सेल्स, अकाउंट्स, सर्व्हिस असे तीन वेगळे नंबर. निळ्या गणवेशातल्या तीस-चाळीस कामगारांचा फोटो. मशीन २,४०,००० रुपयांचं, निम्मे पैसे आधी. मिस्त्रींपेक्षा महाग होतं, तरी मी तिकडं गेले. मोठी कंपनी आहे, मशीन बंद पडलं तर कुणीतरी धावून येईल, एवढाच माझा हिशोब.

सेल्सवाले फार अदबीनं बोलायचे. “ताई, टेक्निकल टीमला विचारून सांगतो.” “मॅनेजमेंटनं तुमच्यासाठी पाच टक्के मंजूर केलेत.” मग अकाउंट्समधून फोन आला. आवाज जरा जाड, बोलणं तुटक. पण त्या फोनमागं पट्ट्याची फटफट आणि जात्याची घरघर ऐकू येत होती. डंक-गिरणीचा आवाज मी लहानपणापासून ऐकतेय, तो चुकत नाही. हाच आवाज सेल्सच्या फोनमागंही असायचा. मला हे कळलं होतं आणि मी ते सोडून दिलं. खात्यावर एका माणसाचं नाव दिसलं तेव्हाही विचारलं, तर “कंपनीच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, हे मालकांचं खातं” असं उत्तर आलं. फेब्रुवारीत मी १,२०,००० रुपये पाठवले.

मार्च गेला, एप्रिल गेला. कधी ‘डिस्पॅच’कडं अडकलंय, कधी ‘क्वालिटी’वाल्यांनी थांबवलंय. राजारामपुरीत पत्त्यावर गेले तर झेरॉक्सचं दुकान. दुकानदार म्हणाला, “त्यांची टपाल तेवढी ठेवून घेतो, महिन्याला पैसे देतात.”

भाच्यानं कोटेशनवरचा जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकून बघितला. हे फुकट आहे, दोन मिनिटांचं काम आहे, आणि पैसे पाठवण्याआधी मी ते केलं नाही. तिथं व्यवसायाचं नाव वेगळं आणि कायदेशीर नाव वेगळं दाखवतात. कायदेशीर नाव बँक खात्यावरच्या त्याच माणसाचं, प्रकार ‘प्रोप्रायटरशिप’, म्हणजे एकट्या मालकाचा धंदा. नुसत्या नंबरवरूनही ओळखता येतं. पहिले दोन आकडे राज्याचे, आपल्याकडं २७. त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. म्हणून पूर्ण नंबरातलं सहावं अक्षर बघायचं : ‘पी’ असेल तर एकटी व्यक्ती, ‘सी’ असेल तर कंपनी, ‘एफ’ असेल तर भागीदारी. खऱ्या कंपनीला लेटरहेडवर २१ अक्षरी सीआयएन, म्हणजे कंपनीचा सरकारी नोंदणी क्रमांक, छापावाच लागतो. माझ्या चार पानी कोटेशनवर तो कुठंच नव्हता. ‘इंडस्ट्रीज’, ‘ग्रुप’, ‘एंटरप्रायझेस’ हे शब्द कुणीही लावू शकतो. ‘उद्यम’ या छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं सर्टिफिकेटही स्वतः दिलेल्या माहितीवर मिळतं, त्यावरून माणसं किती आणि कारखाना केवढा हे कळत नाही.

पोर्टलवरचा पत्ता पाचगावचा होता. आम्ही दोघी गेलो. खाली पिठाची गिरण, वर एक खोली. कॉटवर तीन मोबाईल, प्रत्येकाच्या पाठीला पांढरी चिकटपट्टी आणि त्यावर पेनानं लिहिलेलं : सेल्स, अकाउंट, सर्व्हिस. माणूस तरुण होता, घाबरलेला. कारखाना नाही, शाखा नाही, एक कामगारसुद्धा नाही. दुसरीकडून मशीन आणून विकायचा. म्हणाला, “वहिनी, तुमचे पैसे आधीच्या गिऱ्हाइकाच्या मशीनला लागले.”

तो एकटा आहे याचा मला राग नाही. मीही तशीच आहे. माझ्या पाकिटावर माझं नाव, घरचा पत्ता आणि १४ आकडी अन्न परवाना नंबर असतो, कायद्यानंच तो छापावा लागतो, आणि लोक ते वाचूनच विश्वास ठेवतात. एकटा आहे हे कळलं असतं तर मी निम्मे पैसे आधी दिले नसते, मशीन डोळ्यांनी बघितलं असतं, माल मिळाल्यावर पैसे असं ठरवलं असतं. ‘आमची टीम, आमची टीम’ म्हणून त्यानं मला ही सावधगिरीच घेऊ दिली नाही.

धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची तक्रार ग्राहक आयोगात चालत नाही असं मला अनेकांनी सांगितलं. ते अर्धवट आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतः राबून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू चालते. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार देता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी नोंद करता येते, मी केली. कोटेशन, पैसे पाठवल्याची पावती आणि व्हॉट्सॲपवरचं सगळं बोलणं जपून ठेवा, रागाच्या भरात काही पुसू नका.

आतापर्यंत त्यानं वीस हजार परत केलेत. उरलेल्या एक लाखासाठी जिल्हा आयोगात तक्रार दिली आहे. या सीझनलाही जाऊबाईंनी सगळी पाकिटं हातानंच भरली.