सुनेच्या संक्रांतीला तन्मणी: मोठ्या साइटवरून घ्यावा की हैदराबादच्या पेढीकडून?

गेल्या जानेवारीत सुनेची पहिली संक्रांत होती. हलव्याचे दागिने घरीच होणार होते, पण काळ्या चंद्रकळेवर एक तरी खरा दागिना हवा आणि तो मोत्याचाच, असं माझ्या बायकोच्या मनात होतं. तन्मणी घ्यायचं ठरलं. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत सोलापुरात बाजारात शिरणं म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको, म्हणून ऑनलाइनच बघितलं. दोन्ही प्रकारे मोती मागवून झालेत. तुम्ही त्याच विचारात असाल, तर माझा अनुभव असा.

सगळं काही विकणाऱ्या मोठ्या साइटवर सोय आहे, हे मान्यच. हप्ते मिळतात, माल वेळेत येतो, मराठी घडणही भरपूर दिसते. पण ‘मोत्याचा हार’ असं शोधलं की खरे मोती, शेल पर्ल आणि ‘पर्ल फिनिश’ असे तिन्ही प्रकार एकाच रांगेत येतात. शेल पर्ल म्हणजे शिंपल्याच्या मण्यावर लेप चढवलेला मणी, आणि ‘पर्ल फिनिश’ म्हणजे नुसती मोत्यासारखी झाक. नाव ऐकून चांगली माणसं फसतात. स्वस्तात ‘अस्सल बसरा’ दिसला तर पुढे सरका. बसरा हे आखातातले नैसर्गिक मोती. 1930 नंतर जपानच्या संवर्धित, म्हणजे माणसाने वाढवलेल्या, मोत्यांपुढे तो धंदा बसला, आणि आता असे मोती सापडतात ते मुख्यतः जुन्या घराण्यांच्या डब्यांत. आपल्या खिशाला परवडतात ते बहुतेक चीनमधले, गोड्या पाण्यात वाढवलेले. तेही खरेच मोती, त्यात कमीपणा काही नाही. विकणाऱ्याने तसं स्पष्ट लिहावं, एवढंच.

माझं मन मोडलं ते मात्र सीलमुळे. दोन वर्षांपूर्वी आईच्या पंचाहत्तरीला अशाच एका साइटवरून दोन सरांची माळ मागवली होती. माळ पारदर्शक पाकिटात बंद, वर टॅग, आणि चिठ्ठीवर लिहिलेलं: सील तुटल्यास माल परत घेतला जाणार नाही. आता सोन्याला हॉलमार्क असतो, मोत्याला तो नसतो. घरी मोती पारखायचा तर दातावर हलकेच घासून बघायचा. खरा असेल तर बारीक रेतीसारखा खरखरतो, काचेचा किंवा प्लॅस्टिकचा असेल तर सुळकन घसरतो. त्यासाठी मोती हातात तर यायला हवा! फोन केला, पलीकडचा मुलगा अदबीने बोलला, पण नियम तोच. त्या संध्याकाळी आई पाकीट हातात धरून बसली होती आणि आम्ही तिच्यासमोर सील तोडावं की नाही यावर बोलत होतो. शेवटी तोडलं. मोती खरे निघाले. तरीही तो अर्धा तास मला अजून सलतो. भेट देताना आईच्या चेहऱ्यावर शंका दिसायला नको होती.

तन्मणीच्या वेळी म्हणून हैदराबादच्या एका मोतीवाल्या पेढीच्या साइटवर गेलो. हैदराबादला मोती पिकत नाहीत. भोकं पाडणं, निवडणं, ओवणं ही तिथली पिढीजात कारागिरी. सोलापूरहून तीनेकशे किलोमीटर, म्हणजे अगदीच वेळ आली तर रात्रीच्या गाडीने जाऊन येता येतं, हाही मनाला आधार. त्यांनी व्हिडिओ कॉलवर तोच नग दाखवला, वरून लेप दिलेला मणी नाही ना ते दिसावं म्हणून मोत्यांची भोकं कॅमेऱ्याजवळ धरली, आणि मी विचारल्यावर त्याच लॉटमधले दोन सुटे मोती वेगळ्या पुडीत पाठवले. माझ्यासाठी निवाडा तिथेच झाला. सुटे मोती आईने दातावर घासले, मान हलवली, आणि सील न तोडता तन्मणी सुनेच्या हातात गेला.

उणिवाही सांगतो. पैसे आधी भरावे लागले, हप्ते नव्हते. सात सरांचे सतलडे हवे तेवढे, पण तन्मणीची खोडं, म्हणजे मधली पदकं, मोजकीच. चिंचपेटी तर मनासारखी दिसलीच नाही. कुरिअरला चार दिवस जास्त लागले. घाई असेल किंवा खास मराठी घडणच हवी असेल, तर मोठी साइट कदाचित तुम्हाला बरी वाटेल. आणि दातावरच्या परीक्षेने मोती नकली नाही एवढंच कळतं. नैसर्गिक की संवर्धित ते प्रयोगशाळेत, एक्स-रे काढूनच. फार मोठ्या रकमेचा दागिना असेल तर तिथलं प्रमाणपत्र मागाच.

आपल्या सराफ बाजारात हाताळून घेता येतं, हे सगळ्यात चांगलं. मी पाहिलेल्या दुकानांत मोत्यात निवड थोडी होती, इतकंच. पण कुठूनही घेतला तरी मोत्या-मोत्यामध्ये गाठ आहे का बघा. नसेल तर दागिना आधी पटवेकऱ्याकडून नीट ओवून घ्या, म्हणजे दोरा तुटला तरी सगळे मोती घरंगळत नाहीत.

ते दोन सुटे मोती आईने हळदीकुंकवाच्या करंड्यात जपून ठेवलेत. कधी ओवताना एखादा कमी पडला तर त्याच लॉटमधला हाताशी असावा, असं तिचं म्हणणं.