नेत्याच्या मनःस्थितीवर 'बाईट' द्यावा का?

निवडणुकीच्या धामधुमीत पुण्यातल्या एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाला चॅनेलवरून 'बाईट'साठी, म्हणजे कॅमेऱ्यासमोरच्या छोट्या प्रतिक्रियेसाठी, फोन येतो: 'साहेबांचं कालचं भाषण पाहिलंत ना? डॉक्टर म्हणून काय वाटतं?' अशा वेळी तीन वाटा असतात.

पहिली वाट म्हणजे नाव घेऊन निदान सांगणं. तिच्या बाजूचा युक्तिवाद हलका नाही. नेत्याची वर्षानुवर्षांची भाषणं आणि निर्णय समोर असतात. ओपीडीतल्या पहिल्या भेटीत एवढी सामग्री कधीच मिळत नाही. शिवाय सत्ता हाती असलेल्याच्या वागण्याची झळ सगळ्यांना बसते. पण ही सामग्री एकाच बाजूची असते. झोप, घरातलं वागणं, कुटुंबातले आजार, दारू, चालू औषधं, थायरॉइड यांतलं काहीच क्लिपमध्ये दिसत नाही. भराभर, चढ्या आवाजातलं बोलणं उन्मादामुळे (मॅनिया, म्हणजे मन आजारामुळे अतिउत्तेजित होण्याची अवस्था) असू शकतं, स्टेरॉइडच्या गोळ्यांमुळे असू शकतं, किंवा निव्वळ सभा जिंकण्याचं कसब असू शकतं. हे वेगळं ओळखायला समोरासमोर तपासणी आणि जवळच्या नातेवाइकांशी बोलणं लागतं.

१९६४ साली अमेरिकेत एका मासिकाने १२,३५६ मानसोपचारतज्ज्ञांना विचारलं, रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर राष्ट्राध्यक्षपदासाठी मानसिकदृष्ट्या योग्य आहेत का? २,४१७ उत्तरं आली, त्यांतले १,१८९ जण 'नाही' म्हणाले. गोल्डवॉटर यांनी बदनामीचा खटला भरला आणि जिंकला. त्यातूनच १९७३मध्ये तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने नियम केला: तपासणी आणि संमतीशिवाय जाहीर मत देणं अनैतिक.

आपल्याकडे मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम ३ सांगतं की उपचार किंवा कायद्याने ठरवलेली कारणं सोडून कुणालाही मनोरुग्ण ठरवता येत नाही. मानसिक स्थितीच्या कारणावरून खासदार-आमदारांना अपात्र ठरवायलाही (राज्यघटना, अनुच्छेद १०२ आणि १९१) सक्षम न्यायालयाचा निर्णयच लागतो. आणि बायपोलरचा (उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येणाऱ्या आजाराचा) जो रुग्ण नेमाने गोळ्या घेऊन नोकरी सांभाळतो, त्याच्या आजाराचं नाव टीव्हीवर शिवीसारखं वापरलं गेलं तर तो औषध लपवू लागतो. आमच्या मते पहिली वाट बंद करायला एवढंच कारण पुरेसं आहे.

दुसरी वाट, पूर्ण मौन. ती सुरक्षित आहे, पण रिकामी राहिलेली खुर्ची अर्धवट माहितीवाला भरतो.

तिसरी वाट आम्हाला पटते: माणसावर न बोलता आजारावर बोलणं. रेकॉर्डिंगआधीच विचारा, शेजारच्या चौकटीत नेत्याचा फोटो असेल का? असेल तर नकार द्या, कारण मग तुमची सर्वसाधारण माहितीही निदानच ठरते. 'मी त्यांना तपासलेलं नाही' हे वेगळं वाक्य ठेवू नका, संपादनात तेच आधी उडतं. मुख्य विधानातच गुंफा. 'नाव घेत नाही, पण लक्षणं अशी असतात' ही पळवाट तर टाळाच. शक्य असेल तर दोन मिनिटांच्या बाईटऐवजी व्याख्यानमालेतला तासभर घ्या आणि श्रोत्यांच्या प्रश्नांत नेत्याचं नाव असलेली चिठ्ठी आली तर ती बाजूला ठेवायला संयोजकांना आधीच सांगा.

नेता तुमचाच रुग्ण असेल, तर याच २०१७च्या कायद्यातल्या कलम २३ची गोपनीयता लागू होते. तो तुमचा रुग्ण आहे, हेसुद्धा सांगायचं नाही. त्याला स्वतःहून माहिती जाहीर करायची असेल, तर नेमका मजकूर लिहून त्याखाली त्याची सही घ्या आणि त्यापलीकडे एक शब्दही बोलू नका.