घरावरील सौर संच: सांगलीतला अनुभव

विश्रामबागेतील आमच्या घरावर बसवलेल्या ३ किलोवॅटच्या सौर संचाबद्दल माझे मत अनुकूल आहे, परंतु ते महिन्याला ३०० युनिटच्या आसपास वीज वापरणाऱ्या कुटुंबांपुरतेच. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेतून एवढ्या क्षमतेला ७८,००० रुपये अनुदान मिळते, आणि नेट मीटरिंगमुळे दुपारी महावितरणच्या वाहिनीत गेलेली जादा वीज आपल्या वापरातून वजा होत असल्याने बॅटरीचा खर्च टळतो. वापर १०० युनिटच्या आत असेल, तर तिथला दर मुळातच कमी असल्याने घाई करू नये. बाहेरची वीज गेली की बॅटरीविना असलेला संचही सुरक्षेसाठी बंद पडतो, हे विक्रेत्याने आधीच स्पष्ट सांगायला हवे. गळीत हंगामात पॅनेलवर बसणारी राख आणि धूळ नियमित धुवावीच लागते.