गळती संपलेली कोंबडी कळपात परतवायची: रात्री की जाळीआडून?

पावसाळा सरून दिवस लहान व्हायला लागले की वर्ष-दीड वर्षाच्या कोंबड्या पिसं गाळतात. उघडी पाठ बाकीच्या टोचतात, म्हणून आपण तिला बाजूला काढतो. दोन-तीन महिन्यांत ती भरून येते, पण तोवर कळपातली तिची जागा गेलेली असते. त्यात गळतीत तुरा आखडून फिका पडतो, आणि कोंबड्या एकमेकींना ओळखतात त्या मुख्यतः डोक्यावरून, तुऱ्यावरून. जुनी सोबतीणच परकी ठरते.

रात्रीची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. अंधार पडला की तिला उचलून खुराड्यात दांडीवर बसवायचं. अंधारात कोंबडीला धड दिसत नाही, त्यामुळे कुणी अंगावर येत नाही. खर्च नाही, खटपट नाही. पण भांडण पहाटेवर ढकललं जातं, एवढंच. पहाटे आपण झोपेत, खुराडं बंद आणि तिला पळायला जागा नाही. पाच-सहा दिवसच वेगळी होती, तर हे चालून जातं.

दोन महिने वेगळी असेल तर मी जाळीच लावेन. खुराड्याचा एक कोपरा बारीक जाळीने अडवा आणि आठ-दहा दिवस तिला तिथे ठेवा. दाणा जाळीच्या दोन्ही अंगांना, अगदी लगत टाका. शेजारी शेजारी टिपताना फणकारा उतरतो. जाळी नसेल तर दिवसातून दोन-तीन तास अंगणात डालग्याखाली झाका, मात्र सावलीत. नंतर पहिली भेट संध्याकाळी, मोकळ्या अंगणात. दाण्या-पाण्याची भांडी दोन ठेवा, नाहीतर दांडगी कोंबडी एकाच भांड्यावर पहारा देते. ती फारच छळत असेल तर तिलाच दोन-तीन दिवस बाहेर काढा. परतल्यावर तोरा बराच उतरलेला असतो. हा उपाय लोकांना उलटा वाटतो.

कळप चार-पाचांचाच असेल तर सगळा रोख एकटीवर येतो. अशा वेळी एखादी गरीब स्वभावाची कोंबडी तिच्या सोबतीला जाळीआड ठेवा, मग दोघींना एकदमच सोडा.

पद्धत कोणतीही असो, पिसं पुरी आल्याशिवाय घाई नको. फुटत्या पिसाच्या खुंटात रक्त असतं; तिथे चोच बसली की दुखतं, आणि लाल दिसलं की सगळा कळप तिकडेच धावतो. एक-दोन दिवस टोचाटोची होणारच, त्यात पडू नका. रक्त आलं तर मात्र जखमेला हळद लावून लगेच जाळीआड.